डब्यातली खोट

"गेला," अक्का म्हणाली.

स्क्रीन काळी झाली, डब्यातल्या पंख्याचा आवाज थांबला, बारीक टिक झालं आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागला. सकाळपासूनची ही तिसरी खेप. अक्कानं की-बोर्डवरचे हात उचलून मांडीत घेतले आणि माझ्याकडं बघून हसली.

"किती गेलं?" मी विचारलं.

"दोनच ओळी. आता मी दर वाक्याला सेव्ह करते. पहिल्यांदा सात पानं गेली होती, तेव्हा मात्र रडले."

"रडायचं कशाला? भाऊ मेलाय का तुझा?"

"मेला नाही, म्हणून तर बोलवला."

मी दप्तरातून स्क्रू ड्रायव्हर काढला. २००३ सालचा फेब्रुवारी होता. सांगलीत माझं संगणक जोडून विकायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आपल्याला या धंद्यातलं सगळं कळतं अशी माझी खात्री होती. अक्काचा हा संगणकही मीच जोडून दिला होता. तासगावला तिच्या सासरी, बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी तो मांडला होता.

तो का दिला होता, हे सांगायला हवं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि अक्काचं दोन वेळा मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर ती बोलायचीच बंद झाली. मी भेटायला यायचो तर समोर चहा ठेवून भिंतीकडं बघत बसायची. लग्नाआधी तिनं मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, ते माझ्या लक्षात होतं. मी संगणक आणून बसवला, दोन दिवस शिकवलं, आणि महिन्याभरात तिचा मला फोन आला, तोही माझी चूक काढायला. की-बोर्डचा तक्ता मी उलटा चिकटवला होता. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला दुकानात बसून रडू आलं.

आता तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं होत होती, त्याची एकशेऐंशी पानांची स्मरणिका. पुढच्या शनिवारपर्यंत सगळी पानं प्रेसला द्यायची होती. काम चांगलं झालं तर दर महिन्याचं काम तुमच्याकडंच, असा प्रेसवाल्याचा शब्द होता. आणि नाही जमलं तर? दाजी म्हणजे अक्काचा नवरा, जयवंत खोत. दूध संघात कामाला, स्वभावानं गरीब. पण तेही म्हणाले होते, "एवढं जमलं नाही तर विकून टाकू तो. उगं मनस्ताप."

"विकला की मी परत भिंतीकडं बघत बसणार," अक्का म्हणाली. हसतच म्हणाली, पण मला ते ऐकवलं नाही.

तेवढ्यात मामा आले. आनंदराव खोत, अक्काचे सासरे. वीज बोर्डात तीस वर्षं वायरमन होते. घरातही पायात रबरी स्लीपर असायची, ती नोकरीतली सवय.

"काय म्हणतुया पाव्हणं तुमचा डबा?"

"बघतो मामा. धूळ साठली असेल."

"धूळ? आवं, आमच्या घरात तीस वर्सं रेडिओ हाय, धा वर्सं टीव्ही हाय. त्येंच्यावर काय धूळ बसत न्हाई? ते न्हाई कधी बंद पडत." मामा खुर्चीत बसले. "खोट डब्यातच हाय."

"असेल," मी म्हणालो.

त्या दिवशी मी डबा उघडून पंख्यातली धूळ ब्रशनं काढली, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबरानं घासली, परत बसवल्या. संध्याकाळपर्यंत संगणक शहाण्यासारखा चालला. मी खुशीत जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला अक्कानं मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "गेला."

मग मी सांगलीला जाऊन नवा पॉवर सप्लाय आणून बसवला. पानं सीडीवर काढून सगळी विंडोज नव्यानं टाकली. व्हायरस शोधला, तो सापडला नाही. दुपारी साडेअकराला संगणक पुन्हा बंद होऊन चालू झाला. मामा दारातून नुसते बघत होते. तेच जास्त झोंबत होतं.

"एक काम कर," मी अक्काला म्हणालो. "तो कधी जातो ती वेळ लिहून ठेव. मिनिटासकट."

तिनं वहीच घातली, आणि सेव्ह केलेल्या फायलींवरच्या वेळा बघून आधीच्या दिवसांचंही लिहून काढलं. अक्काचं काम नीटनेटकं. तारीख, वेळ, काय करत होते, किती गेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ती वही घेऊन बसलो. सहा बेचाळीस. अकरा एकतीस. चार दहा. आदल्या दिवशी सहा चव्वेचाळीस, अकरा अठ्ठावीस. त्याच्या आदल्या दिवशी तेच.

"अक्का, पावणेसातला तू काय करतेस?"

"टाइप करते. सकाळी घर शांत असतं."

"आणि घरात काय चालू असतं?"

"काही नाही. मामा मोटर लावतात."

मागच्या अंगणात पाण्याचा हौद होता. नळाचं पाणी त्यात यायचं आणि मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवायची. दिवसातून तीन वेळा. मी मागच्या दारापाशी जाऊन मोटरीचं बटण दाबलं. मोटर घुं करून कण्हली, वरचा दिवा क्षणभर मंद झाला आणि बाहेरच्या खोलीतून अक्काचा आवाज आला, "गेला!"

खरं सांगतो, मला आनंद झाला. चोर सापडल्याचा आनंद. त्याच भरात मी बाहेर येऊन मामांना म्हणालो, "मामा, सापडलं! डब्यात काही नाही. मोटर लावली की व्होल्टेज पडतं. मोटर जुनी झालीय, करंट जास्त ओढते. एकदा वायरिंग आणि अर्थिंग पण बघून घ्यायला पाहिजे."

मामांचा चेहरा बदलला.

"कुणी बघायचं?"

"म्हणजे, कुणी तरी..."

"ह्या घरातली वायर न् वायर म्या वडलीया. अर्थिंगचा खड्डा म्या ह्या हातानं खणलाय. तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ. आजबी दर आइतवारी त्यात पाणी वततो. सगळ्या तालुक्यात लोकांनी मला बोलवून न्हेलं अर्थिंग करायला. आन् तुमी मला सांगताय?"

"तसं नाही मामा."

"मग कसं? तुमचा डबा नाजूक, त्यो बंद पडतुय, आन् वायरिंग माझं वाईट? पोरीकडच्या माणसांनी येऊन आमच्या घरात खोट काढायची, ही नवीच रीत."

मी स्क्रू ड्रायव्हर दप्तरात ठेवला. मुलीकडचा माणूस सासरच्या घरात उगाच नावं ठेवत नाही, हे मला आईनं अक्काच्या लग्नाआधीच बजावलं होतं. जेवायला वाढलं ते चांगलं म्हणायचं, खाट बोचली तरी झोप छान लागली म्हणायचं. आपण निघून येतो, बोलणं मुलीला खावं लागतं.

अक्कानं मला स्वयंपाकघरात बोलवलं. ती फ्रीज उघडत होती, आणि दार हातानं न धरता फडक्यानं धरत होती.

"हे काय?"

"चावतो कधीकधी. बारीक झिणझिण्या. दोन-तीन महिने झाले."

"मामांना सांगितलंस?"

"कशाला? मागं तुझे दाजी एकदा घरातल्या फ्यूजबद्दल काहीतरी बोलले, तर आठ दिवस मामांनी भाकरी खाल्ली नाही घरात. देवळात जाऊन बसायचे." तिनं आवाज आणखी खाली आणला. "दिगू, त्यांना खोटं पाडू नको. त्यांच्याकडं आता तेवढंच राहिलंय. तू उद्या जाशील, मला इथं राहायचंय. तुझ्या डब्याचं तू काय ते कर. मला फक्त शनिवारपर्यंत पानं द्यायची आहेत."

"बरं," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी सकाळी मामा देवळात गेले. डबा उघडा होता, मी अनवाणी होतो, आणि अक्कानं मागं मोटर लावली. माझा हात डब्याच्या पत्र्याला टेकला आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की स्क्रू ड्रायव्हर हातातून उडाला.

मी मोटर बंद करायला सांगितली. पत्र्याला परत हात लावला. काही नाही. मोटर चालू करायला सांगितली आणि बोटाच्या मागच्या बाजूनं नुसतं शिवून पाहिलं. होता.

दप्तरात होल्डरला दोन वायरी लावलेला एक बल्ब असायचा. तो काढला. मोटर चालू ठेवूनच एक वायर भिंतीवरच्या प्लगच्या जिवंत, म्हणजे करंटच्या भोकात, दुसरी वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात. अर्थिंग ठीक असेल तर बल्ब लख्ख पेटायला हवा. तो पेटला नाही. मग मी पहिली वायर जिवंत भोकातून काढून न्यूट्रलमध्ये घातली. आता तो पेटायला नकोच होता. तो मंद, लालसर पेटला.

मला जे कळलं ते साध्या शब्दांत असं. मोटरीची आतली तार उघडी पडली होती आणि करंट मोटरीच्या लोखंडात उतरत होता. घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या वायरी आपापसात जोडलेल्या होत्या, पण मामांच्या खड्ड्यापर्यंत पोचतच नव्हत्या. कुठं तरी तुटलं होतं. त्यामुळं जमिनीत जाऊन संपायचा तो करंट फ्रीजच्या दारावर, माझ्या डब्यावर, घरातल्या प्रत्येक पत्र्यावर येऊन थांबत होता.

हे सगळं मला त्या सकाळी साडेनऊच्या आत कळलं होतं. मागाहून नाही.

अक्का दारात उभी होती. "काय झालं रे?"

"काही नाही. जरा करंट लागला."

"लागला? फार?"

"नाही गं. आमचं रोजचंच आहे." मग म्हणालो, "अक्का, मोटरीपाशी जाताना पायात चप्पल घालत जा."

"हौदापाशी? वेडा का? पिण्याचं पाणी आहे ते. तिथं चप्पल घातलेली मामांना चालत नाही. देवाचा तांब्यासुद्धा तिथंच भरतो आपण."

"बरं, मग हात तरी लावू नको मोटरीला."

"आणि पाणी नाही ओढलं तर? टोपण काढून आत तांब्याभर ओतावं लागतं तिला. दिवसाआड तेच असतं." ती जवळ आली. "दिगू, काय आहे? नीट सांग."

सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर ती दाजींना बोलली असती, दाजी मामांना, आणि मामा देवळात जाऊन बसले असते. आणि पाच दिवसांवर शनिवार होता. मला आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मामा आदल्या दिवशी मला जे बोलले, ते मला परत ऐकून घ्यायचं नव्हतं. मी ठरवलं, आधी तिचं काम होऊ दे. मग एखाद्या रविवारी दाजींना बाहेर चहाला नेऊन शांतपणे सांगू.

"काही नाही," मी म्हणालो. "जरा जपून, एवढंच."

मग मी ते केलं जे आमच्या धंद्यात तेव्हा सगळेच करायचे. संगणकाच्या प्लगमधली अर्थिंगची हिरवी वायर पकडीनं कापून टाकली. आता त्या घरातला करंट माझ्या डब्यापर्यंत येऊ शकत नव्हता. दुपारी दुकानातून यूपीएस आणून बसवला. आता मोटर कितीही कण्हली तरी संगणक बंद पडणार नव्हता. माझं काम झालं होतं.

मामा आल्यावर मी मुद्दाम त्यांच्यासमोर मोटर लावायला सांगितली. घुं झालं, दिवा मंद झाला, संगणक जागचा हलला नाही. अक्कानं टाळी वाजवली.

"काय हुतं मग?" मामांनी विचारलं.

मी म्हणालो, "तुमचंच खरं, मामा. डब्यातच खोट होती."

मामांनी एवढं मोठं हसू मला चार वर्षांत दाखवलं नव्हतं. त्यांनी आत जाऊन टॉवेल-टोपी आणली, माझ्या हातात नारळ दिला. "मनावर घिऊ नका पाव्हणं. काल जरा तोंडातनं गेलं माझ्या." मी त्यांच्या पाया पडलो. अक्का मागं उभी राहून डोळ्यांनीच मला शाबासकी देत होती, आणि मला फार बरं वाटलं.

तिनं पानं दोन दिवस आधीच दिली. फोनवर एवढं बोलली की मी कंटाळून रिसीव्हर काऊंटरवर ठेवला तरी आवाज येत होता. प्रेसवाल्यानं पुढच्या महिन्याचं कामही दिलं होतं. "तुझे दाजी म्हणाले, आता प्रिंटर घेऊ," ती म्हणाली. मी तिला म्हणालो, "रविवारी येतो, दाजींशी जरा बोलायचंय." "काय बोलायचंय?" "असंच."

त्या आठवड्यात दुकानात गर्दी होती. रविवारी मी गेलो नाही.

मंगळवारी सकाळी मोटर पाणी ओढत नव्हती. अक्का अंघोळ करून आली होती. बटण चालूच होतं. चालू मोटरीतच पाणी ओतायला ती गेली, त्या घरात सगळेच तसं करायचे. दाजी ड्यूटीवर होते. मामा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना नुसता तांब्या पडल्याचा आवाज आला.

मामांनीच मेन स्विच खाली ओढला. त्यांनीच तिला उचललं. तोवर सगळं संपलं होतं.

तपासणीला वीज खात्याचा इन्स्पेक्टर आला. त्यानं मागच्या दाराशी फरशी फोडली. अर्थिंगची वायर फरशीच्या खाली कापली गेली होती, खड्ड्यापासून जेमतेम तीन हात अलीकडं. अक्काच्या लग्नाच्या वेळी घराला नवी फरशी घातली, तेव्हा गवंड्याची छिन्नी लागली असणार. म्हणजे मामा चार वर्षं दर रविवारी ज्या खड्ड्यात पाणी ओतत होते, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. इन्स्पेक्टर ओळखीचा होता, मामांच्या हाताखाली काम केलेला. त्यानं मामांकडं न बघता कागद लिहिला.

मामांनी जेवण सोडलं. रडले नाहीत, ओरडले नाहीत. फुटलेल्या फरशीपाशी पाट टाकून बसायचे. दाजी त्यांच्याशी बोलत नव्हते. एक शब्दही नाही.

तेराव्याच्या आदल्या दुपारी मी मागं हात धुवायला गेलो, तर मामा म्हणाले, "पाव्हणं, बसा जरा."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. त्यांची दाढी वाढली होती. पायात काही नव्हतं.

"एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"तुमी चार दिस त्यो डबा उघडून बसला हुता. तुमाला एकदाबी करंट लागला न्हाई?"

मला घाई नव्हती. कुणी मध्ये आलं नाही, कुणी हाक मारली नाही. विचार करायला पुरेसा वेळ होता आणि मी विचार करूनच बोललो.

"नाही, मामा."

"पत्र्याला हात लावल्यावर कायच जाणवलं न्हाई?"

"काहीच नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "न्हाई, मला आपलं वाटत हुतं. तुमाला कळलं आसंल, पर मी हा असला तापट. त्या दिशी बोललो मी तुमाला. म्हनून तुमी गप बसला आसाल. रोज रात्री त्येच येतंय डोक्यात. माझ्या भ्यानं कुणी बोललं न्हाई, आन् पोर गेली."

"तसं असतं तर मी बोललो नसतो का मामा?" मी म्हणालो. "माझी बहीण होती ती."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडले. पहिल्यांदाच. बराच वेळ रडले. मग उठून आत गेले आणि त्यांनी भाकरी मागितली. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. म्हाताऱ्याला काय सांगून जेवायला लावलं, म्हणून दाजींची चुलती माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

ऐकणारा म्हणेल, बरं केलंस, म्हातारा जगला. ते खोटं आहे. मी त्यांच्यासाठी बोललो नव्हतो. मी भ्यालो होतो. आईला कळेल, दाजींना कळेल, मला उरलेल्या जन्मात कुणाच्या घरात पाय ठेवता येणार नाही, एवढंच त्या वेळी माझ्या मनात होतं.

स्मरणिका महिन्याभरानं छापून आली. अखेरच्या पानावर, 'अक्षरजुळणी: सौ. वैजयंता जयवंत खोत.' मी ते दुकान पुढं दोन वर्षांत विकलं आणि एका शाळेत लॅब सांभाळायला लागलो. दाजींनी दुसरं लग्न केलं. आमचं येणं-जाणं मात्र तुटलं नाही, कारण मामांनी ते तुटू दिलं नाही. प्रत्येक कार्याला ते मला आवर्जून बोलवायचे.

ते आणखी नऊ वर्षं जगले. गावातल्या लग्नात, बाजारात, एसटी स्टँडवर कुणी तो विषय काढला, की मामा मला हात धरून पुढं ओढायचे आणि त्या माणसाला सांगायचे, "हे तिचं सख्खं भाऊ. शिकल्यालं इंजिनेर. आदल्याच आठवड्यात चार दिस ह्येनी घर तपासलं हुतं. ह्येंच्याबी ध्यानात आलं न्हाई, तर माझ्या कुठनं येणार?"

तो माणूस माझ्याकडं बघायचा. मामाही बघायचे. आणि मी दर वेळी मान हलवायचो.